लोखंडातला पीळ

इसवी सन १०१४, जून महिन्याची २५ तारीख, शुक्रवार. इंग्लंडचा थोरला राजपुत्र एथेलस्टन मरणपंथाला लागला होता. वडील, राजा एथेलरेड, हयात होते. आणि राजपुत्र झाला तरी आपल्यामागे कोणाला काय द्यायचं हे ठरवायला राजाची संमती लागे. ती घेऊन एक माणूस त्याच शुक्रवारी येऊन पोचला, आणि एथेलस्टनचं मृत्युपत्र पुरं झालं. त्याच दिवशी तो गेला असं मानतात. मृत्युपत्र मात्र हजार वर्षं टिकून आहे.

त्यात जमिनी आहेत, घोडे आहेत, चांदीने मढवलेलं रणशिंग आहे. पण वाचणारा अडकतो तो तलवारींपाशी. जवळजवळ डझनभर तलवारी या राजपुत्राने एकेकाच्या नावे वाटून दिल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींना स्वतःची ओळख आहे. चांदीच्या मुठीची, पूर्वी उल्फकीटेलची असलेली तलवार वडिलांना. विदरच्या मालकीची होती ती नक्षीची तलवार घरच्या पुरोहिताला. जिच्यावर हाताची खूण आहे ती एड्रिकला. वुल्फ्रिकने घडवलेली, रुपेरी मुठीची, ज्या चर्चमध्ये देह पुरायचा त्या चर्चला. आपल्याकडच्या जुन्या घरांत फडताळ आवरताना आजी जशी सांगते की हा तांब्या आत्याच्या लग्नातला, ही परात अमक्या मामांनी दिलेली, तसाच हा सूर आहे. फरक इतकाच, की इथे सांगणारा विशी-तिशीतला तरुण आहे आणि वस्तू माणसं मारायच्या आहेत.

यादीतली सगळ्यांत जुनी तलवार त्याने सख्खा भाऊ एडमंडला दिली. ती राजा ऑफाची होती. ऑफा हा मर्सियाचा राजा, ७९६ साली वारला. म्हणजे एथेलस्टनच्या हाती आली तेव्हा ती तलवार दोनशे वर्षांहून जुनी होती. ज्या वर्षी ऑफा गेला त्याच वर्षी फ्रँकांचा राजा शार्लमेन याने त्याला पत्र पाठवून काही भेटी दिल्याची नोंद आहे: एक पट्टा, एक हूण तलवार, दोन रेशमी अंगरखे. शार्लमेनच्या फौजांनी नुकताच अवार लोकांचा खजिना लुटला होता, आणि ही भेट त्या लुटीतली. एडमंडला मिळालेली तलवार तीच असावी असा तर्क काही इतिहासकार करतात. तर्क मोहक आहे. पण ती ती नसली तरी मुद्दा बदलत नाही: दोनशे वर्षं कोणीतरी त्या पात्याला गंज चढू दिला नव्हता.

हे कोणीतरी कोण, त्यांचं मला जास्त कुतूहल आहे. सॅक्सनांचा इतिहास राजांच्या आणि लढायांच्या नावांनी भरलेला आहे. शस्त्रं घडवणारे आणि राखणारे हात त्यात क्वचित दिसतात. दिसतात तेव्हा एखाद्या कायद्याच्या कलमात, एखाद्या थडग्यात, नाहीतर पात्यावर कोरलेल्या चार अक्षरांत.

आधी एक खुलासा. रोमन फौजा निघून गेल्यावर, पाचव्या शतकात, आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून जी माणसं ब्रिटनमध्ये उतरली त्यांत सॅक्सन होते, अँगल होते, ज्यूट होते. पुढे या लेखात येणाऱ्या सटन हूच्या कबरी अँगलांच्या मुलखात आहेत आणि ऑफाची मर्सियाही त्यांचीच. काटेकोर बोलायचं तर सगळ्यांना ‘अँग्लो-सॅक्सन’ म्हणायला हवं. मी शेजाऱ्यांच्या जुन्या सवयीने ‘सॅक्सन’च म्हणतो, स्कॉटिश आणि आयरिश लोक इंग्रजांना त्याच नावावरून अजून हाक मारतात, आणि ती काही प्रेमाची हाक नव्हे.

शिवाय हे नावच एका हत्याराचं आहे. त्यांच्या भाषेत ‘सेआक्स’ म्हणजे एकधारी सुरा. त्यावरून लोकांना सॅक्सन नाव पडलं असं मध्ययुगापासून सांगत आले आहेत. दहाव्या शतकात विडुकिंड नावाच्या जर्मन साधूने त्याची कथाच लिहून ठेवली: तहाची बोलणी करायला दोन्ही पक्ष निःशस्त्र जमले, सॅक्सनांनी अंगरख्याखाली सुरे लपवले होते, आणि बोलणी तिथेच संपली. ब्रिटनमधल्या इतिवृत्तातही अशीच कथा हेंगिस्ट या सरदाराच्या नावावर खपवलेली आहे. दोन्हीकडे तीच गोष्ट म्हटल्यावर ती घडली असेल यापेक्षा ती फिरली असेल हेच खरं. पण परगण्यांना ती आवडली. एसेक्स परगण्याच्या चिन्हावर आजही लाल जमिनीवर तीन सुरे आहेत.

सुरा हा खरं तर घरगुती जिन्नस. छोटा सेआक्स भाकरी कापायला, कातडं सोलायला, काठी तासायला. शतकं जातात तसा तो लांबत जातो आणि शेवटी जवळपास तलवारीएवढा होतो. असा एक लांब सेआक्स १८५७ साली लंडनमध्ये बॅटरसीजवळ थेम्स नदीत एका मजुराला सापडला. लांबी सुमारे ७२ सेंटिमीटर. पात्याच्या एका बाजूला तांबं, पितळ आणि चांदीच्या तारा ठोकून बसवलेल्या. त्या तारांत अठ्ठावीस रून अक्षरं आहेत, म्हणजे सॅक्सनांची सगळी बाराखडी ओळीने, आणि पुढे एक नाव: बेअग्नोथ. मालकाचं की कारागिराचं, त्यावर वाद आहे. बारकाईने पाहिलं तर काही अक्षरं क्रमाला चुकली आहेत आणि काही ओबडधोबड वळणाची आहेत. तार बसवणारा हात सराईत, अक्षरं लिहिणारा तितका नाही. मला तर हेच आवडतं. ब्रिटिश म्युझियममध्ये काचेआड ते पातं आहे, आणि त्यात एका कारागिराची अक्षरओळखीची धडपड अडकून राहिली आहे.

केंट परगण्यात सिटिंगबोर्नला मिळालेला दुसरा सेआक्स अधिक स्पष्ट बोलतो. त्याच्या एका अंगावर लिहिलंय की बिओर्टेल्मने मला घडवलं, दुसऱ्या अंगावर की सिगेबेरेह्त माझा धनी. शस्त्र स्वतःच बोलतंय, ‘मला’ म्हणतंय. आपण भांड्यांवर नावं घालतो, पण ‘अमक्याकडून तमक्यास’ असं घालतो. भांड्याला तोंड देत नाही. आणि सिटिंगबोर्नच्या या सुऱ्यावर कारागीर आणि धनी समोरासमोर, एकाच मापाच्या चांदीच्या पट्ट्यांत आहेत. असं फार कमी वेळा घडलं.

सुरा आणि तलवारीच्या मानाने भाला हे खरं सामान्य माणसाचं हत्यार. सॅक्सन थडग्यांतून निघालेल्या शस्त्रांत भाल्याची पाती सर्वांत जास्त. दांडा बहुधा अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाचा, सरळ आणि लवचीक. त्या भाषेत झाडालाही आणि कवितेत भाल्यालाही एकच शब्द. दांड्यावर चढवायची नळी लोहार पत्रा वळून करायचा आणि तिची शिवण उघडीच ठेवायचा. त्या उघड्या फटीवरून आजही मातीतून निघालेला भाला सॅक्सन आहे हे ओळखता येतं. ढालीची फळी कवींच्या मते लिंडनच्या लाकडाची. थडग्यांतल्या उरलेल्या तंतूंवरून मात्र ती बहुधा आल्डर, विलो नाहीतर पॉप्लरची निघते. कवी सगळीकडे सारखेच. फळीवर कातडं ताणून बसवायचं, मध्यभागी मुठीचा हात वाचवायला लोखंडी वाटी. कातड्यातही फसवणूक चालत असणार, कारण दहाव्या शतकातला राजा एथेलस्टन (आपल्या राजपुत्राच्या नावाचा, पण तीन पिढ्या आधीचा) याने कायदाच केला की ढालीवर मेंढीचं कातडं चढवायचं नाही. चढवलं तर तीस शिलिंग दंड.

थडग्यात शस्त्र सापडलं म्हणून आत लढवय्या झोपला आहे असं समजायचं नाही. हाइनरिश हेर्के या पुरातत्त्वज्ञाने १९९० च्या सुमारास शेकडो थडग्यांचा हिशोब मांडला. शस्त्रं काही तान्ह्या लेकरांच्या सोबत निघाली, काही अशा माणसांच्या सोबत ज्यांची हाडंच सांगत होती की यांना लढणं शक्य नव्हतं. आणि ज्या काळात इतिवृत्तांत लढाया जास्त, त्या काळात थडग्यांत शस्त्रं जास्त असंही नव्हतं. शस्त्र घराण्याची पत सांगायचं. त्यातही तलवार दुर्मीळ. भाला असलेल्या थडग्यांच्या मानाने तलवारीचं थडगं क्वचित. ते समजायला ती घडायची कशी तिकडे वळावं लागेल.

सॅक्सनांकडे वितळलेलं लोखंड नव्हतं. मातीच्या भट्टीत दगडी खनिज आणि लाकडी कोळसा थरावर थर रचायचे आणि भाता मारत राहायचं. आत तापमान बाराशे अंशांच्या आसपास पोचतं. लोखंड वितळायला पंधराशेहून जास्त लागतं. त्यामुळे तळाशी जो गोळा हाती येतो तो स्पंजासारखा, भोकाभोकांत कीट भरलेला. तो तापवून ठोकायचा, पुन्हा तापवून ठोकायचा, कीट पिळून काढायचं. विल्टशायरमधल्या रॅम्सबरीला १९७४ च्या उत्खननात आठव्या-नवव्या शतकातल्या अशा भट्ट्या सापडल्या. त्यातून निघालेलं लोखंड एकसारखं नसे. काही मऊ, काही फॉस्फरसमुळे ठिसूळ पण चकाकणारं, काही थोडा कार्बन शोषून पोलादाजवळ गेलेलं. लोहाराला हे रसायन ठाऊक नव्हतं. त्याला रंग, ठिणग्या, आवाज आणि हातोड्याखालचा प्रतिसाद ठाऊक होता.

आता खरी कारागिरी. वेगवेगळ्या लोखंडाच्या बारीक सळ्या एकत्र बांधायच्या, पांढऱ्या होईतो तापवायच्या आणि ठोकून त्यांची एक कांडी करायची. मग ती कांडी पुन्हा लाल करून एक टोक चिमट्यात धरायचं आणि दुसरं टोक पिळायचं, दोरखंडाला पीळ घालतात तसं. अशा तीन-चार कांड्या, एकीला डावा पीळ, शेजारचीला उजवा. त्या शेजारी शेजारी ठेवून भट्टीच्या आचेवरच एकमेकींना ठोकून जोडायच्या. हा झाला पात्याचा गाभा. दोन्ही कडांना पोलादाची पट्टी, कारण धार तिथे लागणार. मग घासायचं, घासायचं आणि घासायचं, आणि शेवटी एखाद्या आंबट द्रावाने पुसायचं. तेव्हा पात्याच्या मधोमध पिळलेल्या थरांची नक्षी उमटते: माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रेघा, कुठे लाटा, आणि जिथे जास्त खोलवर घासलं असेल तिथे अर्धगोल वळणं. एकही जोड कच्चा राहिला तर पातं पहिल्याच वारात उकलणार. जोड आतून पक्का आहे की नाही ते डोळ्यांना दिसत नाही.

सहाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत बसलेल्या गॉथ राजा थिओडोरिकला उत्तरेच्या वार्नी लोकांच्या राजाने अशा तलवारी भेट पाठवल्या. वार्नी हे सॅक्सनांचे शेजारी. राजाच्या वतीने त्याचा लेखनिक कासिओडोरस याने आभाराचं पत्र लिहिलं, आणि त्यात त्या पात्यांमधल्या खळगीत बारके साप वळवळताना दिसतात, इतक्या छटा की लोखंडाला रंग आहेत असं वाटावं, अशा आशयाचं वर्णन केलं. पत्र राजकीय शिष्टाचाराचं, पण ते लिहिणाऱ्याने पातं हातात धरून उजेडात फिरवलं होतं हे कळतं.

इथे एक घोळ निस्तरून पुढे जाऊ. अशा नक्षीच्या पात्याला बाजारात सर्रास ‘दमास्कस’ म्हणतात, आणि त्याच नावाने आपल्या दख्खनच्या उक्कू पोलादाच्या पात्यांनाही ओळखतात. दोन्हींचा काही संबंध नाही. तेलंगणात मुशीत बंद करून वितळवलेल्या त्या पोलादाची लहर आतूनच, थंड होताना स्फटिक बसतात तशी येते. लोहार ती फक्त उघडी करतो. सॅक्सनांची नक्षी एकेक सळी पिळून हाताने बांधलेली. एक धातूची, दुसरी माणसाची. सॅक्सन कारागिरीला वेगळं नाव हवं म्हणून १९४८ साली हर्बर्ट मॅरियन या संशोधकाने ‘पॅटर्न वेल्डिंग’ हा शब्दप्रयोग रूढ केला. आपण सरळ ‘पिळाची तलवार’ म्हणू.

पीळ कशासाठी? जुने अभ्यासक म्हणत की असं नाना जातीचं लोखंड एकत्र केल्याने पातं मजबूत होतं. पुढे पात्यांच्या चाचण्या झाल्या तेव्हा फार मोठा फरक दिसेना. काही पात्यांच्या धारेला तर नीट पाणीही दिलेलं नव्हतं, पोलाद असून मऊ. मला दुसरं कारण पटतं: पीळ म्हणजे जामीन. तलवार विकत घेणाऱ्याला आतला जोड दिसत नाही, पण पात्यावर उमटलेली एकसारखी नक्षी दिसते. तो इतका हिशोब पाळणारा लोहार जोडातही हलगर्जी करणार नाही, एवढं तिच्यावरून समजायचं. शिवाय ती देखणी होती, आणि देखणेपणासाठी माणसं काय काय करतात हे काही सांगायला नको.

आज ही नक्षी उघड्या डोळ्यांना बहुतेक दिसतच नाही. पाती मातीत गंजून लाल ढेकळं झाली आहेत. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरते: क्ष-किरण टाकले की गंजाच्या आत पिळाच्या रेघा स्वच्छ उमटतात. ब्रिटिश म्युझियमने १४२ तलवारींचे असे क्ष-किरण फोटो काढून १९८९ साली निष्कर्ष छापले. सातव्या शतकातल्या तलवारी जवळपास सगळ्या पिळाच्या निघाल्या. त्या शतकात पीळ नसलेली तलवार घेऊन फिरणं बहुधा कमीपणाचंच मानत असावेत.

आणि सातव्या शतकाचाच सर्वांत नावाजलेला नमुना सटन हूचा. १९३९ च्या उन्हाळ्यात, युरोपात युद्ध तोंडावर असताना, सफोकमधल्या एडिथ प्रिटी या बाईंनी आपल्या जमिनीवरचे उंचवटे खणायला बेसिल ब्राउन नावाच्या स्थानिक, स्वतःच शिकलेल्या माणसाला लावलं. त्यांतल्या एकात सत्तावीस मीटर लांबीचं जहाज निघालं. लाकूड कुजलेलं, मातीत फक्त ठसा आणि खिळ्यांच्या रांगा. जहाजात राजा, बहुधा ६२५ च्या सुमाराला वारलेला रेडवॉल्ड. त्याची तलवार म्यानासकट गंजून एकजीव झाली होती. ती उपसणं आता कोणालाच शक्य नाही. क्ष-किरणांत मात्र गाभ्यात आठ कांड्या दिसल्या, प्रत्येक कांडी सात सळ्यांची. अमेरिकेतल्या स्कॉट लँक्टन या लोहाराने १९८९ साली त्या मापाने नवं पातं घडवून दाखवलं तेव्हाच ते जिवंत असताना कसं झळकत असेल याचा अंदाज आला.

या तलवारीच्या मुठीचं सोनं न गंजता राहिलं, आणि तिथे एक मजेची गोष्ट दडलेली होती. म्युझियमच्या सू ब्रुनिंग यांनी मुठीच्या टोकावरची टोपी निरखली तेव्हा ती एका बाजूला जास्त झिजलेली दिसली. तलवार कमरेला लटकत असताना हात टेकायचा तो कोणत्या अंगाला टेकला असेल, यावरून त्यांनी अंदाज बांधला की धनी डावखुरा असावा. तलवार देहाच्या उजव्या अंगाला ठेवलेली होती, हेही त्याला जुळतं. चौदाशे वर्षांनी एका राजाबद्दल इतकी खासगी गोष्ट सांगणारं दुसरं काही त्या जहाजात नाही.

मुठीवर लाल खडे आहेत. गार्नेट, म्हणजे आपला तामडा. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या करून खण करायचे, आणि प्रत्येक खणात त्याच्याच आकाराला कापलेला, कागदापेक्षा थोडा जाड असा गार्नेटचा तुकडा बसवायचा. त्याच्याखाली सोन्याचा वर्ख, आणि वर्खावर जाळीसारखे बारीक खळगे ठोकलेले. त्यामुळे उजेड आतून उलटतो आणि दगड निखाऱ्यासारखा पेटतो. पश्चिम युरोपातल्या अशा खड्यांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा सुरुवातीच्या काळातले बरेच खडे भारत आणि श्रीलंकेतले निघाले. राजस्थानच्या खाणींचं नाव त्यात येतं. पुढे समुद्रमार्ग अडखळले तसे बोहेमियाचे लहान खडे वाढले. सॅक्सन सोनारांना आपण कोणत्या मुलखाचा दगड घासतो आहोत हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. राजस्थानच्या त्या खाणमजुराला आपला दगड कुठे जाऊन बसणार याची तर कल्पनाही नसणार.

अशाच मुठींचा डोंगर २००९ च्या जुलैत स्टॅफर्डशायरमध्ये एका शेतात निघाला. धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या हौशी माणसाला ते घबाड लागलं. सुमारे ४,६०० तुकडे, चार किलोच्या घरात सोनं, पावणेदोन किलो चांदी; किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड. त्यात तलवारीच्या मुठींच्या टोप्याच सत्तरच्या वर. आणि तलवारीचं पातं? एकही नाही. कोणीतरी शंभराच्या आसपास तलवारींची मौल्यवान कातडी सोलून पुरली आणि लोखंड दुसरीकडे नेलं. पाती बहुधा नव्या मुठी बसून पुन्हा लढायला गेली. आपण सोन्याचा ढीग पाहून डोळे विस्फारतो. त्या काळच्या माणसाने मात्र खरा ऐवज कोणता आणि कातडी कोणती हे बरोबर ओळखलं होतं. (सोन्यातही सोनार चलाख होते. मिश्र सोन्याच्या पृष्ठभागावरची चांदी रसायनाने काढून टाकून, आतून हलकं असलेलं सोनं वरून खरं पिवळं दाखवायची युक्ती या तुकड्यांत सापडली.)

आता घडवणाऱ्याकडे. सगळ्यांत जुना इंग्रजी कायदा केंटच्या राजा एथेलबर्टचा, सहाशेच्या सुमाराचा. त्यात म्हटलंय की राजाच्या लोहाराला मारलं तर साध्या माणसाएवढी पूर्ण भरपाई द्यावी. त्यानंतरच्या शतकातला वेसेक्सचा राजा इने सांगतो की सरदाराने गाव सोडलं तर सोबत तीनच माणसं न्यायची मुभा: कारभारी, लोहार आणि मुलांची दाई. बाकी सगळी माणसं जमिनीसोबत मागे राहणार. या तिघांत लोहाराला जागा मिळाली, यावरून त्याची किंमत कळते.

पण सगळे लोहार धन्याच्या वाड्यात नव्हते. १९८१ साली लिंकनशायरमधल्या टॅटरशॉल थॉर्पला एका लोहाराचं थडगं निघालं, सातव्या शतकाच्या मध्याचं. गावापासून दूर, एकटं. सोबत लहान ऐरण, हातोडे, चिमटे, कात्री, कानस, छिद्र पाडायच्या सुया, मोडीच्या धातूचे तुकडे, सुटे गार्नेट. म्हणजे भावी मुठींचा कच्चा माल. आणि एक घंटा. इनेच्याच कायद्यात एक कलम आहे: अनोळखी माणूस वाट सोडून चालला आणि ओरडला नाही की शिंग फुंकलं नाही, तर तो चोर समजावा. फिरत्या लोहाराची घंटा त्यासाठीच असेल. मोडीचं सोनं आणि हत्यारांची पिशवी घेऊन रानातून जाणाऱ्या माणसाला आपण आहोत हे सतत वाजवून सांगावं लागायचं.

लोकांच्या मनात लोहार म्हणजे वेलँड. दंतकथेतला, पायांच्या नसा तोडून राजाने बांधून ठेवलेला, सूड घेऊन सुटलेला. आठव्या शतकातल्या देवमाशाच्या हाडाच्या एका पेटीवर तो ऐरणीपाशी वाकलेला कोरलेला आहे. ती पेटीही ब्रिटिश म्युझियममध्येच. ऑक्सफर्डशायरमधल्या नवाश्मयुगीन दगडी थडग्याला सॅक्सनांनी त्याची भट्टी ठरवलं, आणि ९५५ च्या एका दानपत्रात ते नाव लिहूनही ठेवलं. नाल निघालेला घोडा तिथे बांधून दगडावर नाणं ठेवून जावं, परत यावं तो नाल ठोकलेला मिळतो, असं तिथले लोक पुढे कित्येक शतकं सांगत. रोमन तत्त्वज्ञ बोएथिअसच्या ग्रंथाचं जे भाषांतर राजा आल्फ्रेडच्या नावाने चालत आलं आहे, त्यात तर गंमतच आहे. मूळ लॅटिनमध्ये रोमन सेनापती फॅब्रिसिअसच्या हाडांचं काय झालं असा प्रश्न आहे. भाषांतरात सेनापतीच्या जागी वेलँडची हाडं आली. फॅबर म्हणजे लॅटिनमध्ये कारागीर. नावाच्या मुळाशी धरून एक रोमन वीर उतरवला आणि लोहार बसवला. इंग्रज वाचकाला कोणाची हाडं शोधावीशी वाटतील ते भाषांतरकाराने ओळखलं होतं.

नवव्या-दहाव्या शतकात पिळाचे दिवस सरले. ऱ्हाइनच्या बाजूने सलग, चांगल्या पोलादाची पाती येऊ लागली. त्यांतल्या कित्येकांवर ‘उल्फबेर्ट’ हे नाव लोखंडी अक्षरांत ठोकलेलं, आणि अशा सुमारे पावणेदोनशे तलवारी आजवर युरोपभर मिळाल्या आहेत. चांगलं पोलाद हाती आल्यावर सळ्या पिळायचा खटाटोप कोण करणार? जामीन आता नक्षीचा नव्हे, नावाचा. त्यातच नक्कल करणारे अक्षरं चुकवून तेच नाव ठोकायला लागले, ही पुढची पायरीही ओळखीचीच. सॅक्सनांच्या नव्या तलवारींत शोभा मुठीकडे सरकली. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममधल्या ॲबिंग्डनच्या तलवारीची चांदीची काळ्या मिन्याने भरलेली मूठ त्याचा नमुना. पिळाच्या जुन्या तलवारी मात्र घराण्यांत जपल्या गेल्या, हस्ते परहस्ते फिरल्या, एथेलस्टनच्या यादीतल्यासारख्या.

त्या जपायच्या कशा? म्यान लाकडाचं आणि आतून मेंढीच्या लोकरीचं अस्तर. लोकरीतल्या चिकणाईने पातं आपोआप तेलकट राही. पण नुसतं म्यान पुरत नाही. ठराविक दिवसांनी पातं काढून घासायचं, धारेवरचे टवके काढायचे, नक्षी पुन्हा उठवायची. या कामाचा वेगळा माणूस असे. त्याला जुन्या इंग्रजीत ‘स्वेऑर्डह्विटा’ म्हणत, तलवार पांढरी करणारा, आपल्याकडचा शिकलगार. आल्फ्रेडच्या कायद्यात त्याच्यासाठी स्वतंत्र कलम आहे. दुसऱ्याचं शस्त्र उजळायला घेतलं तर ते जसं घेतलं तसं, कलंक न लावता परत करायचं. म्हणजे मधल्या काळात कोणी ते उचलून खून पाडला आणि पात्यावर रक्ताचा दोष आला, तर जबाबदारी शिकलगाराची. परक्याच्या शस्त्राचा धनी तो कधीच नव्हता, पण त्याच्या पापाचा जामीन होता.

१०१४ मधल्या त्या शुक्रवारी भावाला ऑफाची तलवार दिली गेली. एडमंड दोन वर्षांनी राजा झाला, काही महिने डेन राजा क्नूटशी झुंजला आणि १०१६ च्या नोव्हेंबरात वारला. तलवारीचा पत्ता पुढे लागत नाही. वडिलांना उल्फकीटेलची दिली, पुरोहिताला विदरची. यादी चर्च, भाऊ, नातलग आणि सरदारांतून फिरत फिरत नोकरांपर्यंत उतरते. तिथे एका ओळीत एल्फनोथचं नाव आहे. तो राजपुत्राचा शिकलगार. त्याला एथेलस्टनने एक नक्षीची तलवार ठेवली, धारेला खाच पडलेली. खाच कुठल्या लढाईतली ते लिहिलेलं नाही. आयुष्यभर लोकांची पाती उजळून जशीच्या तशी परत करणाऱ्या एल्फनोथला ही एक तलवार परत करायची नव्हती.